थोडासा वाव

'तयार' हा मराठीतला मोठा सोयीचा आणि तितकाच फसवा शब्द आहे. जेवण तयार असते, कपडे तयार मिळतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना तयार उत्तरे हवी असतात. इथे 'तयार' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेले. आपण फक्त उचलायचे. पण आंबा आढीत तयार होतो, गवयाचा गळा तयार होतो, पैलवान तालमीत तयार होतो, तेव्हा त्याच शब्दात काळ शिरतो, कष्ट शिरतात. पहिल्या 'तयार'मध्ये काळ लपवलेला असतो आणि दुसऱ्यात तो मुरलेला असतो. गेली काही वर्षे माझ्या घरातल्या खिडकीजवळच्या टेबलावर ह्या दोन अर्थांचे भांडण चाललेले आहे. त्याला निमित्त झाला आहे रिमोटवर धावणारा एक ट्रक.

मराठीच्या प्राध्यापिकेने खेळण्यातल्या ट्रकवर लिहावे हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. परंतु 'खेळणे' हा शब्द इथे अपुरा आहे. मूळ गाडीच्या एक-दशांश आकाराची ही वस्तू हातभरापेक्षा थोडी लांब आणि दोन-सव्वादोन किलो वजनाची असते. तिला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असते, तेलाने भरलेले शॉक ॲब्सॉर्बर असतात, डिफरन्शियल असते, घसरणारा क्लच असतो. मुरमाच्या ढिगावरून ती दीड-दोन मीटर उंच उडते, आणि सपाट जमिनीवर ताशी ४५-५० किलोमीटर वेगाने धावते. थोडक्यात, ती यंत्र ह्या संज्ञेस पात्र आहे आणि यंत्राप्रमाणेच मोडते.

ह्या छंदाचा इतिहास पाहिला तर 'तयार'च्या दोन अर्थांतला झगडा तिथेही आढळतो. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ह्या मोटारीची रिमोटवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली, आणि १९७९ मध्ये 'रफ रायडर' व 'सँड स्कॉर्चर' ह्या खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या गाड्या आणल्या. ह्या गाड्या सुट्या भागांच्या स्वरूपात मिळत. खोक्यात शे-दोनशे तुकडे, स्क्रूंच्या पुड्या आणि एक पुस्तिका. गाडी धावण्याआधी ती बांधावी लागे, आणि बांधणाऱ्याला तिचा प्रत्येक स्क्रू ओळखीचा होई. पुढे जोडून दिलेली, बॅटरी भार्ज होताच जमिनीवर सोडायची गाडी आली. तिला 'रेडी टू रन' म्हणतात. १९८६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ट्रॅक्सस कंपनीने ह्या पद्धतीवर आपला जम बसवला आणि २००८ मध्ये 'स्लॅश' नावाचा ट्रक काढला. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात १९६७ पासून ज्या वाळवंटी शर्यती होत आल्या आहेत त्यांच्याच परंपरेतून पुढे बंदिस्त मैदानावरच्या ट्रकशर्यती निघाल्या. त्या ट्रकांची ही लहान आवृत्ती. तिच्यानंतर अनेक कंपन्यांनी त्याच कुळातले ट्रक काढले. आमच्याकडे आला तो त्यांपैकी एक. कोणत्या कंपनीचा, ह्याला ह्या लेखात महत्त्व नाही. पुढे जे मोडणे येणार आहे ते साऱ्या कुळाचेच आहे.

२०२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतून आलेल्या माझ्या भावाने तो आपल्या भाच्यासाठी आणला. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. खोके उघडल्यापासून तासाभरात गाडी कॉलेजच्या मागच्या मैदानावर धावत होती. 'रेडी टू रन' ह्या वचनाचे पालन शब्दशः झाले. परंतु ह्या वचनात एक उत्तरार्ध अध्याहृत असतो, तो खोक्यावर छापलेला नसतो. ज्याने गाडी बांधलेली नाही, त्याला ती मोडल्यावर कुठे हात घालावा हे कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात मैदानाच्या कडेच्या दगडावर उजवे पुढचे चाक आदळले आणि चाकाला चासीशी जोडणारा प्लॅस्टिकचा हात तुटला. इंग्रजी 'ए' ह्या अक्षराच्या आकारामुळे त्याला 'ए-आर्म' म्हणतात. मुलगा तो तुकडा घेऊन माझ्याकडे न येता सरळ अण्णांकडे गेला.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात त्यांनी ३४ वर्षे फिटर म्हणून काम केले. आमच्या भागाला यंत्र आणि साहित्य ह्यांची सोयरीक नवी नाही. किर्लोस्करवाडीत १९१० साली लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला, आणि दहाच वर्षांनी त्याच माळावरून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ज्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. नांगराचा फाळ आणि मराठी कथा एकाच पत्त्यावरून बाहेर पडत होती. आमच्या घरात मात्र ही सोयरीक कधी जुळली नाही. अण्णांच्या बोलण्यात सूत, दोरा, आटे, टॉलरन्स. माझ्या बोलण्यात रूपबंध, आशय, निवेदक. त्यांनी माझ्या एम. ए.ला कधी विरोध केला नाही. फी वेळेवर भरली. पण मी काय शिकते आणि काय शिकवते हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि मीही त्यांना कारखान्यात नेमके काय करता हे विचारले नाही. दोघांच्याही मनात परस्परांच्या कामाविषयी आदर होता आणि त्या आदराने आम्हांला एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवले होते.

ट्रक आला त्याच्या आदल्या वर्षी अण्णांना कंपवाताचे निदान झाले होते. कानशीच्या एका फिरवण्यात धातूचा केसाएवढा थर उतरवणारा उजवा हात आता चहाच्या कपाच्या कानाशी अडखळत असे. आईच्या मागे ते माझ्याकडे राहायला आले होते. दिवसभर खिडकीशी बसत. वर्तमानपत्र उघडायचे, पण थरथरीमुळे ते वाजायचे, म्हणून मिटून ठेवायचे.

त्या खिडकीशी मुलाने तुटलेला ए-आर्म नेला. अण्णांनी तो डाव्या हातात घेतला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "बाकी काय मोडलंय?"

"बाकी काहीच नाही, आबा. एवढंच."

"मग चांगलं तुटलंय," ते म्हणाले.

ह्या वाक्याचा अर्थ उमगायला पुढची दोन वर्षे लागली, आणि तो मला कळला तेवढा मांडावा हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

छंदाच्या जगात तुटण्यावर ठरलेला उपाय आहे, त्याला 'अपग्रेड' म्हणतात. मूळ भागाऐवजी अधिक मजबूत भाग बसवायचा. प्लॅस्टिकच्या जागी ॲल्युमिनियम, ॲल्युमिनियमच्या जागी पोलाद. निळ्या-तांबड्या रंगाचे ॲनोडाइझ केलेले, आरशासारखे चकाकणारे हे भाग पाहिले की कुणालाही मोह पडावा. मुलाने आपल्या वाढदिवसाच्या पैशांतून ॲल्युमिनियमचे दोन हात मागवले. ते बसवल्यानंतर गाडी पुन्हा अशाच एका दगडावर आदळली. हाताला काही झाले नाही. मात्र हात ज्या पिनेवर फिरतो ती वाकली, आणि ती पिन ज्या ठोकळ्यात बसते त्या बल्कहेडला तडा गेला. ए-आर्म बदलायला दहा मिनिटे लागतात. बल्कहेड बदलायला गाडीचा पुढचा अर्धा भाग सोडवावा लागतो. धक्का तेवढाच होता. तो फक्त पुढच्या घरी गेला होता.

हीच गोष्ट गाडीच्या मागच्या अंगाला अधिक स्पष्ट दिसते. मूळ गाडीत ब्रश असलेली मोटर आणि निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी असते. वेग वाढवायचा म्हणून तिथे ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी येते. ३५०० केव्हीची मोटर म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला ३५०० फेरे. दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे सुमारे २६ हजार फेरे. तीन सेलची ११.१ व्होल्टची, म्हणजे जवळजवळ ३९ हजार. वेग दीडपट झाला. पण आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती सव्वादोनपट झाली. तिसरा सेल जोडणाऱ्याला दीडपट आनंद मिळतो आणि सव्वादोनपट मोडतोड. मग प्लॅस्टिकचे ड्राइव्ह शाफ्ट पिळवटतात, म्हणून पोलादाचे बसवायचे. ते पिळवटत नाहीत, म्हणून झटका डिफरन्शियलमधल्या दातांवर येतो. ते धातूचे केले की तो स्पर गिअरवर येतो. प्रत्येक भाग बळकट करताना आपण दुसऱ्या कुणाला तरी दुबळे ठरवत असतो. कालपर्यंत पुरेसा असलेला भाग आज अपुरा होतो, तो स्वतः जराही न बदलता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही साखळी अनोळखी वाटू नये. आमच्या वर्गात लेखनाचा सराव घेतला जातो तेव्हा हुशार विद्यार्थीही आपले साधे वाक्य 'अपग्रेड' करू पाहतात. 'अंधार पडला' हे दोन शब्दांचे वाक्य घ्या. कुणाला 'अंधार' दुबळा वाटतो, तो तिथे 'तमिस्र' आणतो. पण तमिस्र 'पडत' नाही. आता क्रियापद अवघडते. म्हणून 'तमिस्र पसरले' करावे लागते. पण पुढच्याच वाक्यात 'आजीने कंदील लावला' असे असते, आणि तमिस्राच्या शेजारी तो कंदील केविलवाणा दिसू लागतो. त्याची दीपिका होते. मग आजीची पितामही व्हायला कितीसा वेळ? एका शब्दाचे बळ पुढच्याच्या माथी बसत बसत सबंध परिच्छेद कोलमडतो, आणि ज्या आजीसाठी तो लिहिला होता ती त्यातून निघून जाते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीची तत्त्वे म्हणून संवाद, विरोध आणि समतोल ह्यांची चर्चा केली आहे. ती शिकवताना मी वर्षानुवर्षे कवितांचीच उदाहरणे देत आले. समतोल म्हणजे घटकांच्या परस्परसंबंधांचा गुण, एकेका घटकाचा नव्हे, हे अलीकडे मी एक तुटलेला बल्कहेड टेबलावर ठेवून शिकवते, आणि मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

तर मग मजबूत म्हणजे काय? ॲल्युमिनियमचे हात काढल्यावर अण्णांच्या सल्ल्याने नायलॉनचे हात आले. ते कारखान्यातून आलेल्या मूळ भागांपेक्षा चिवट होते आणि धातूपेक्षा मऊ. ॲल्युमिनियम एका मर्यादेपर्यंत ताठ राहते आणि त्यापुढे वाकले की वाकलेलेच राहते. नायलॉन वाकते, धक्का आपल्या अंगात जिरवते आणि मूळ आकाराला परतते. मात्र नायलॉनचे एक वैशिष्ट्य आहे: त्याला पाणी लागते. कोरडे नायलॉन ठिसूळ असते. हवेतला ओलावा शोषला की ते चिवट होते. म्हणून छंदी लोक नवे नायलॉनचे भाग पाण्यात उकळून घेतात. आमच्या स्वयंपाकघरात जुन्या पातेल्यात एका रविवारी सकाळी बटाट्यांच्या शेजारच्या शेगडीवर ट्रकचे चार हात उकळत होते. अण्णा म्हणाले, "बैलगाडीच्या लाकडालाबी असंच असतंय. पार वाळलं की फुटतंय." बैलगाडीचे चाक उन्हाळ्यात ओढ्यात भिजत ठेवलेले मी लहानपणी पाहिले होते. आरे वाळून तुंब्यात सैल होतात, भिजले की फुगून घट्ट बसतात, एवढे मला ठाऊक होते. पण ह्या दोन ओलाव्यांना जोडणारे वाक्य अण्णांकडून आले. तोवर त्यांनी कारखान्याविषयी माझ्याशी जेवढे बोलणे केले असेल त्याहून अधिक त्या पातेल्यापाशी उभे राहून केले.

त्या सकाळी मला 'शिअर पिन' कळली. लेथसारख्या यंत्रात एक लहानशी पिन मुद्दाम मऊ धातूची ठेवलेली असते. यंत्र कुठे अडकले, भार मर्यादेबाहेर गेला, की ती आधी तुटते आणि गिअर, शाफ्ट वाचतात. अण्णा नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात बजावत: ही पिन तुटली तर तिथे हाताला लागेल तो पोलादी तुकडा ठोकायचा नाही. ती तुटण्यासाठीच आहे. घरातल्या विजेच्या फ्यूजचेही तेच. आणि ट्रकमध्येही तशी एक योजना आहे, तिचे नाव 'सर्वो-सेव्हर'. पुढची चाके वळवणाऱ्या लहान मोटरीला सर्वो म्हणतात. तिच्या आत नखाएवढ्या गिअरांची रांग असते. चाक दगडावर आदळले की तो झटका उलट दिशेने सर्वोपर्यंत येतो. मधल्या सर्वो-सेव्हरमधली स्प्रिंग त्या क्षणी दबते, चाकाला भलतीकडे वळू देते आणि दात वाचवते. अधिक ताकदीचा, धातूच्या दातांचा सर्वो बसवला की काही जण ही स्प्रिंग काढून तिथे सरळ धातूचा दांडा लावतात, कारण स्प्रिंगमुळे वळण किंचित मवाळ होते. आमच्या ट्रकमध्ये सर्वो बदलला, स्प्रिंग राहिली. थोडी अधिक कडक बसवली, एवढेच. एका भागाला दबता येणे ही बाकीच्यांची मजबुती असते, हे अण्णांच्या 'चांगलं तुटलंय'चे भाष्य म्हणता येईल.

आता ह्या साऱ्या कामात अण्णांचा हात कसा चालत होता, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. तो चालत नव्हता. दीड आणि दोन मिलिमीटरच्या ॲलन कीने सूक्ष्म स्क्रू फिरवणे त्यांना शक्य नव्हते. हात मुलाचे होते. अण्णा खुर्चीत मागे टेकून डोळे मिटत आणि ऐकत. "आता थांब. प्लॅस्टिकात आवळतोयस, आटं जातील." धातूत धातू बसत असेल तिथे स्क्रूच्या टोकाला थेंबभर लॉकटाइट लावायचे, प्लॅस्टिकात मुळीच नाही, स्लिपर क्लचचा नट पूर्ण कसायचा आणि मग अर्धा-एक फेरा सैल करायचा, की चाके अडकल्यावर क्लच घसरेल आणि दात वाचतील. ह्या गोष्टी मुलगा माहितीपत्रकात वाचत होता, आणि अण्णांना त्या ट्रक न वाचताही माहीत होत्या.

सर्वांत नाजूक काम पिनियन आणि स्पर गिअर जुळवण्याचे. मोटरीच्या दांड्यावरचा लहान पिनियन मोठ्या स्पर गिअरला भिडतो. फार दूर राहिला तर दात निसटतात आणि खरवडून जातात. फार जवळ बसला तर घर्षणाने मोटर तापते आणि गिअर किंचाळतात. अचूक अंतर कसे साधायचे? दोघांच्या दातांमध्ये कागदाची पातळ पट्टी घालायची, पिनियन तिच्यावर दाबून मोटरीचे स्क्रू कसायचे, आणि मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. कागदाच्या जाडीएवढी मोकळीक उरते. आमच्याकडे ह्या कामाला तपासून झालेल्या जुन्या सरावपत्रिकांच्या समासाच्या पट्ट्या वापरल्या जातात. पट्टी बाहेर येते तेव्हा तिच्यावर दातांच्या समांतर घड्या उमटलेल्या असतात, आणि एखाद्या वेळी माझ्या लाल शाईचा ठिपकाही असतो.

त्या मोकळीकीला अण्णा 'प्ले' म्हणत. कारखान्यातला शब्द. "प्ले ठेवायला लागतोच. बिनप्लेचं यंत्र फिरत नाही." मी सवयीने मराठी प्रतिशब्द शोधू लागले. 'सैलपणा' म्हटले तर दोष वाटतो, 'ढिलाई' म्हटले तर निष्काळजीपणा, 'अंतर' म्हटले तर दुरावा. शेवटी 'वाव' सापडला. वाव म्हणजे जागा, आणि वाव म्हणजे संधीही. दोन दातांमध्ये वाव हवा, म्हणजे त्यांना फिरण्याची संधी हवी. मी अण्णांना शब्द सांगितला. ते थोडे थांबून म्हणाले, "बरोबर आहे. वाव." त्यांनी माझ्या विषयातले काहीतरी स्वतःहून वापरल्याचे मला आठवते ते हे पहिलेच. दुसऱ्या दिवशी ते मुलाला म्हणत होते, "जरा वाव ठेव रे."

२०२४ च्या पावसाळ्यात अण्णांचा कंप वाढला. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि त्या उणिवेची भरपाई म्हणून लेव्होडोपा हे औषध देतात. मात्रा वाढवली की हालचाल सुधारते. परंतु काही वर्षांच्या वापरानंतर, विशेषतः मात्रा मोठी असेल तर, बऱ्याच रुग्णांत दुसरेच काही सुरू होते: हात, मान, खांदे आपणहून वळवळू लागतात. थरथर थांबवण्यासाठी दिलेले बळ दुसऱ्या बाजूने हालचाल होऊन बाहेर पडते. मात्रा वाढवल्यावर अण्णांचा कप सांडेनासा झाला, पण जेवताना मान एका अंगाला ओढली जाऊ लागली, आणि समोर बसलेल्या माणसाकडे स्थिर पाहता येईना. भावाचा तिकडून रोज फोन येई. पुण्यात अशा रुग्णांसाठी चोवीस तास परिचारिका असलेल्या जागा आहेत, त्यांत अण्णांना ठेवू. खर्चाचे मी पाहतो. त्याच्या बोलण्यात प्रेमच होते. दूर असलेल्या माणसाला काळजीतून मोकळे व्हायचे तर सर्वांत मजबूत भागच मागवावासा वाटतो.

डॉक्टरांकडे तिघे मिळून गेलो. अण्णा, मी आणि व्हिडिओ कॉलवर भाऊ. डॉक्टरांनी दोन्ही बाजू नीट समजावल्या. मात्रा थोडी कमी करून ती दिवसात अधिक वेळा विभागून देता येईल. मानेची ओढ कमी होईल, पण हाताचा कंप काही प्रमाणात परत येईल. सगळे एकदम मिळणार नाही. भाऊ पडद्यावरून विचारत होता, दोन्ही थांबेल असे काही नाही का? अण्णा म्हणाले, "हात हलू दे थोडा. त्याला वाव ठेवा. मान मात्र जाग्यावर पाहिजे. पोरगं काय करतंय ते दिसलं पाहिजे."

डॉक्टरांना 'वाव' हा शब्द चमत्कारिक वाटला असावा. मी त्यांना काही समजावले नाही. पुण्याचा विषय त्यानंतर भावाने काढला नाही. दर महिन्याला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा खर्च तो करतो, आणि रविवारी फोनवर अण्णांशी ट्रकविषयी बोलतो. मला वाटते, त्या दिवशी अण्णांनी आमच्या घरातली तुटायची जागा स्वतः ठरवली. सारा भार एका कुणावर जाऊन तिथे तडा जाण्याऐवजी तो थोडाथोडा सर्वांच्या अंगात जिरावा, आणि जे थोडे हलणार आहे ते हलू द्यावे.

दरम्यान ट्रकचे जवळजवळ सर्व भाग बदलून झाले आहेत. हात नायलॉनचे, ड्राइव्ह शाफ्ट पोलादाचे, शॉक ॲब्सॉर्बर नवे, बेअरिंग मुरमाच्या धुळीने कुरकुरू लागली म्हणून दोनदा बदललेली, मोटर नवी, सर्वो नवा. वरची पॉलिकार्बोनेटची बॉडी तिसरी. मूळची उरली आहे ती चासी आणि रिमोट. मुलाचे मित्र विचारतात, ही गाडी अजून मामानेच दिलेली कशी? पाली परंपरेतल्या 'मिलिंदपञ्ह' ह्या ग्रंथात भिक्खू नागसेनाने रथातून आलेल्या मिलिंद राजाला हाच प्रश्न विचारला होता: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, सांगाडा म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजाने नाही म्हटले. रथ हे ह्या भागांच्या आधाराने वापरात आलेले नाव आहे, असा तिथला निर्णय. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने तो योग्यच असेल. मला मात्र त्यात एक पुरवणी जोडावीशी वाटते. भाग बदलत गेले, पण प्रत्येक भाग आधीच्याच्या तुटण्याने पाडलेल्या जागेत येऊन बसला. गाडीची ओळख तिच्या भागांत नसेल, तिच्या तुटण्याच्या क्रमात असू शकेल. अनेक हातांतून उतरत आलेल्या पोथ्यांविषयीही आपण असेच म्हणतो: कुठला पाठ कुठे सुटला, कुणी कुठे दुरुस्त केला, ह्या खुणांवरूनच पोथीचे घराणे ओळखता येते.

आणि म्हणूनच सुरुवातीच्या भांडणात माझे मत आता दुसऱ्या 'तयार'च्या बाजूने पडले आहे. खोक्यातून निघाला तेव्हा हा ट्रक धावायला तयार होता. आता तो ह्या मैदानासाठी, ह्या मुरमासाठी, ह्या मुलाच्या हातासाठी तयार झाला आहे. त्यात तिसरा सेल नाही. तो काढून ठेवला आहे. वेग पूर्वीपेक्षा थोडा अधिक आहे, मोडणे पुष्कळ कमी. मोडतो तेव्हा पुढचा हातच मोडतो. त्याचे दोन जादा जोड टेबलाच्या खणात उकळून, पुसून, कागदात गुंडाळून ठेवलेले आहेत. मुलगा आता दहावी ओलांडून पुढे जाईल; अभियांत्रिकीला जायचे म्हणतो, तेही ठरलेले नाही. अण्णांचा आजार जिथून आला तिकडे परत जाणार नाही, हे आम्हां सर्वांना माहीत आहे. वर्तमानपत्र अजून वाजते. पण हल्ली ते मिटून ठेवत नाहीत, टेबलावर पसरतात आणि त्यावर ट्रक उलटा ठेवून मुलाला हाक मारतात.